चौकटीबाहेरचा पळस

२०१९ च्या उन्हाळ्यात आमच्या शेताच्या बांधावरचा पळस रस्त्याच्या रुंदीकरणात गेला. ही काही मोठी घटना नव्हे. त्याच रस्त्यावरचे कडुनिंब गेले, बाभळी गेल्या, जुन्या चिंचा गेल्या; त्यांच्यापुढे एका पळसाची मातब्बरी ती काय! लाकडाच्या हिशेबात तर ते अगदीच कमी मोलाचे झाड. तरीही त्या संध्याकाळी मी कपाट उघडून बसलो. १९९८ पासून दर फाल्गुनात मी त्या झाडापाशी कॅमेरा घेऊन जात आलो होतो. झाड गेले तरी त्याचे छायाचित्र आपल्याजवळ आहे, अशी एक निश्चिंती मनात होती. निगेटिव्हची पाकिटे उघडली, संगणकावरचे सगळे साठे उघडले. पळसाची पाचशेहून अधिक छायाचित्रे निघाली. एकेक फूल निघाले, फुलांचे घोस निघाले, काळ्या मखमली देठांवरच्या कळ्या निघाल्या, फुलात चोच खुपसलेला शिंजीर निघाला. झाड मात्र कुठेही निघाले नाही. एकवीस वर्षांत मी त्या झाडाचे, मुळापासून शेंड्यापर्यंतचे, एकही छायाचित्र काढलेले नव्हते.

हा लेख त्या न काढलेल्या छायाचित्राविषयी आहे.

जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडे भूगोलाविषयी सांगायला हवे. अजिंठ्याच्या डोंगररांगेने बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत, आणि आमच्याकडे माणसाची ओळखही त्यावरून सांगतात : हा घाटावरचा, तो घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा ही गावे घाटावर. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. पूर्णेच्या उत्तरेला जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके थेट सातपुड्याला जाऊन टेकतात. आमची शेती घाटावरची, चिखली तालुक्यातली. बुलढाण्याहून बोथामार्गे खामगावला उतरणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. त्या रस्त्याने मी नोकरीच्या काळात शेकडो वेळा ये-जा केली आणि वसंताचे वेळापत्रक मला प्रथम त्या रस्त्यावर समजले. घाटाखाली पळस आधी पेटतो. आठवडाभराने तोच रंग घाट चढून वर येतो.

हे वेळापत्रक साधारण असे. माघात काटेसावर फुलते. तिची पाच जाड, मांसल पाकळ्यांची लाल फुले निष्पर्ण फांद्यांवर बसतात आणि खाली पडताना ‘थप्’ असा आवाज होतो. मग पांगारा, मग फाल्गुनात पळस. याच सुमारास पिंपळाला तांबूस, काचेसारखी चमकणारी पालवी येते. सातपुड्याच्या बाजूला कुसुंब असेल तर त्याची कोवळी पाने इतकी लाल असतात की दुरून तो फुललेला आहे असेच वाटावे. पाडव्याच्या आसपास कडुनिंबाला मोहर येतो आणि त्याची फुले गुळात कालवून आपण खातो. मोहाची फुले पहाटे पहाटे गळतात. चैत्र सरता सरता बहाव्याचे पिवळे झुंबर लागते, तोवर ऊन असह्य झालेले असते.

आणि या सगळ्याच्या खाली काय असते? खाली कोरडा नाला असतो. हरभरा निघून गेलेला असतो, गहू निघत असतो, काळ्या मातीला भेगा पडू लागलेल्या असतात. विहिरीचे पाणी एकेक पायरी उतरत असते. साग उभ्याचा उभा नागडा झालेला असतो आणि त्याची सुपासारखी वाळकी पाने पायाखाली चुरचुरत असतात. कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त पहिला सर्ग ग्रीष्माचा आहे आणि शेवटचा वसंताचा. काव्यात ही दोन टोके आहेत. आमच्या जिल्ह्यात ती एकाच आठवड्यात, पुष्कळदा एकाच झाडावर भेटतात. झाडाच्या माथ्यावर वसंत आणि बुंध्याशी ग्रीष्म, असे आमच्याकडचे दृश्य.

मी ज्या वसंताची छायाचित्रे काढायला निघालो होतो तो वसंत मात्र हा नव्हता. तो पुस्तकातून आलेला होता. त्यात मंद वारा होता, हिरवळ होती, कोकीळ होता. मराठी विषय घेऊन शिकलेल्या आणि पुढे तोच विषय शिकवू लागलेल्या माणसाच्या मनात ऋतू डोळ्यांआधी शब्दांतून शिरतात, याचा हा परिणाम असावा. १९९८ साली मी साठवलेल्या पैशांतून एक जुना यशिका कॅमेरा घेतला. एका रोलमध्ये छत्तीस छायाचित्रे. रोल धुवायला खामगावला द्यायचा आणि आठवड्याने जाऊन आणायचा. छत्तीसांतली चार बरी निघाली तरी दिवस साजरा व्हायचा. त्या काटकसरीत मी चौकट फार जपून ठरवायचो, आणि चौकट ठरवणे म्हणजे काय काय वगळायचे ते ठरवणे, हे मला लवकर कळले. विजेची तार वगळायची. काटेरी कुंपण वगळायचे. बांधावर अडकलेली प्लास्टिकची पिशवी, जळलेले गवत, रस्त्याची धूळ, सगळे वगळायचे. जे वगळता येत नाही ते पुसट करायचे. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडले की फुलामागचे सारे जग विरघळून एक मऊ, रंगीत धुके होते. भेगाळलेली जमीन त्या धुक्यात तपकिरी मखमल होते. करपलेला बांध सोनेरी होतो. कोरडेपणाचे सौंदर्यात रूपांतर करण्याची ही युक्ती मला इतकी आवडली, की पुढची वीस वर्षे मी तीच करत राहिलो.

क्लोजअपविषयी मी येथे तक्रार करतो आहे असे कोणी समजू नये. त्याने मला जे दाखवले ते साध्या डोळ्यांनी मी कधी पाहिले नसते. पळसाच्या पाकळीवर बाहेरून बारीक रुपेरी लव असते आणि तिरप्या उन्हात ती चमकते. फुलाला गंध नसतो, पण आत रस भरपूर असतो. म्हणून मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर, खारी, मुंग्या अशी सगळी मंडळी सकाळपासून तेथे पंगतीला असतात. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण उठता बसता वापरतो, पण त्या तिनांपैकी मधले पान वेगळ्या घडणीचे असते, बाजूची दोन तिरकी असतात, हे मला भिंगातून पाहिल्यावर कळले. पुढे डिजिटल कॅमेरा आला तेव्हा पळसाने आणखी एक धडा दिला. भर उन्हात काढलेल्या छायाचित्रात त्याचे फूल म्हणजे नुसता एक सपाट लाल डाग दिसायचा. पाकळीवरची शीर नाही, लव नाही, काही नाही. कॅमेऱ्याच्या संवेदकात लाल रंगाची नोंद इतर रंगांच्या आधी भरून वाहू लागते आणि मग त्या रंगातले बारकावे पुसले जातात. उपाय म्हणजे प्रकाश मुद्दाम कमी घ्यायचा, सकाळी लवकर जायचे किंवा फुलावर आपली सावली पडू द्यायची. जे सर्वांत ठळक असते त्याचेच तपशील सर्वांत आधी हरवतात, हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवले होते. ते मी फक्त रंगापुरते लिहिले होते.

वसंताच्या या तांत्रिक बाजूत शिरल्यावर मी थोडे वनस्पतिशास्त्रही वाचू लागलो, आणि तेथे माझ्या चौकटीला पहिला तडा गेला. आपल्याकडचे पानगळीचे जंगल एक विलक्षण गोष्ट करते. पावसाला तीन महिने अवकाश असताना, वर्षातल्या सर्वांत कोरड्या दिवसांत, ते फुलते आणि पालवते. सामान्य बुद्धीला हे उलटे वाटते. कारण असे सांगतात, की पाने म्हणजे झाडाच्या पाण्याचा मोठा खर्च. झाड आधी तो खर्च बंद करते. पाने गळून पडली की मुळांनी खोलवरून ओढलेले आणि खोडात साठलेले पाणी फांद्यांना पुन्हा पुरते, वाळू लागलेल्या डहाळ्या आतून भरून येतात आणि कळ्या फुटतात. दिवस मोठा होऊ लागल्याची खूणही अनेक झाडे ओळखतात. फांद्यांवर पाने नसल्यामुळे फुले पाखरांना दुरून दिसतात. नव्या पालवीचा तांबूस रंग हाही तिच्यातल्या एका रंगद्रव्याचा असतो. हिरवेपणा पानात भरेपर्यंत ते द्रव्य कोवळ्या पानाला कडक उन्हापासून वाचवते असे मानतात.

याचा अर्थ काय झाला? मी ज्याला वसंताच्या पाठीमागची अडगळ समजून पुसट करत होतो, ती पानगळ, तो उघडा बोडका सांगाडा, ती भेगाळ जमीन, हीच त्या फुलाची पूर्वतयारी होती. आमच्याकडचा वसंत कोरडेपणाला हरवून येत नाही. तो कोरडेपणाच्या हिशेबातून येतो. फूल चौकटीत घेऊन मी त्याचे कारण चौकटीबाहेर ठेवत होतो. हे मला २००८-०९ च्या सुमारास कळले होते, हे कबूल केले पाहिजे. कळले, पण वळले नाही. छायाचित्रे मी पूर्वीसारखीच काढत राहिलो, कारण ती चांगली दिसत होती आणि लोक त्यांना चांगले म्हणत होते.

वर्गातही माझे हेच चालले होते. याच घाटावरच्या मेहकरात राहून वकिली करता करता ना. घ. देशपांडे यांनी कविता लिहिली. १९०९ ते २००० असे दीर्घ आयुष्य त्यांना लाभले. ‘शीळ’ ही त्यांची कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवरून महाराष्ट्रभर पोचली, १९५४ साली त्याच नावाचा संग्रह आला आणि ‘खूणगाठी’ला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या जिल्ह्यातल्या मराठीच्या प्राध्यापकाला ‘शीळ’ शिकवताना विशेष अभिमान वाटतो, तसा मलाही वाटे. मी काय शिकवत होतो? या कवितेतील निसर्गप्रतिमा लिहा. दृश्य प्रतिमा कोणत्या, श्राव्य कोणत्या, ते वेगळे करा. विद्यार्थी निमूटपणे प्रतिमा वेचून वहीत मांडत आणि मी पाच पैकी चार गुण देत असे. शीळ ऐकू यायची तर ती घालणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये रान पसरलेले असावे लागते. शिळेचा क्लोजअप काढता येत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानातही आले नाही.

याउलट दुसरे उदाहरण ‘गाथासप्तशती’चे. सातवाहन राजा हालाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या या महाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात पळसाविषयीची एक गाथा आहे. जमिनीवर पसरलेल्या पळसफुलांना तिथे बुद्धाच्या चरणी लोटांगण घालणाऱ्या भिक्षूंची उपमा दिली आहे. अजिंठ्याची लेणी ज्या डोंगररांगेत कोरली तिचीच पुढची धार आमच्या बांधावरून दिसते, म्हणून ही गाथा मला फार जवळची वाटते. वर्षानुवर्षे ती मी उपमेचे उदाहरण म्हणून सांगितली. खूप उशिरा लक्षात आले, की या कवीने फांदीकडे पाहिलेलेच नाही. त्याने जमिनीकडे पाहिले. फूल गळून पडल्यावर जेथे पडते ती धूळ त्याच्या चौकटीत आहे, आणि त्या धुळीवरच त्याला भगव्या वस्त्रांचा संघ दिसला. माझ्या पाचशे छायाचित्रांपैकी किती जमिनीची होती? एकही नव्हते. गळालेले फूल म्हणजे शिळे फूल, अशी माझी समजूत होती.

आता त्या झाडाकडे परत येतो. खरे तर त्या झाडापाशी उभ्या असलेल्या माणसाकडे.

आई शेतात असली की मी फोटो काढताना ती हातातले काम टाकून बघत उभी राहायची. पळसाला ती पयस म्हणायची. तिचे आणि त्या झाडाचे नाते माझ्यापेक्षा जुने आणि अधिक कामाचे होते. पानांच्या पत्रावळी आणि द्रोण तिने लहानपणी ढिगाने लावले होते. होळीच्या आधी ती खाली पडलेली फुले ओच्यात गोळा करायची, रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी ते पाणी चुलीवर ठेवायची. त्या केशरी पाण्याचा वास, थोडा मातकट, थोडा उकडलेल्या पाल्याचा, मला अजून आठवतो. झाडावरची फुले तिने कधी तोडली नाहीत. पाखरांची आहेत, म्हणायची.

एकदा ती मला म्हणाली, “फुलाचेच फोटू काढून राह्यला, बापू. झाडानं काय घोडं मारलं तुहं?”

मी हसलो आणि तिला सांगितले, की अख्ख्या झाडाचा फोटो चांगला येत नाही, मागे विजेची तार येते. तिने तारेकडे पाहिले, झाडाकडे पाहिले आणि पुन्हा निंदायला बसली. हा संवाद मी कैक वर्षे विनोद म्हणून सांगत असे.

२००३ सालचे एक छायाचित्र माझ्या संग्रहातले सर्वांत नावाजलेले. पळसाची एक डहाळी, तिच्यावर ओळीने सात फुले, मागे निळे आकाश. ती मोठी करून चौकटीत बसवली, कित्येक वर्षे ती आमच्या बैठकीत होती. पाहुणे विचारत, ही डहाळी इतक्या खाली, इतकी नेमकी कशी मिळाली? मी सांगे, तासभर वाट पाहिली, वारा पडला आणि मिळाली. हे खोटे नव्हते, पण पूर्णही नव्हते. आई २०१२ साली गेली. पळस २०१९ साली गेला. त्या संध्याकाळी पाकिटे धुंडाळताना त्या छायाचित्राची मूळ निगेटिव्ह हाती आली. ट्यूबलाइटसमोर धरून पाहिली. चित्राच्या डाव्या कडेला चार बोटे होती. बोटांच्या मागे मनगट, मनगटावर काचेच्या दोन बांगड्या. उंच फांदी आईने ओढून खाली धरली होती, तासभर धरली होती, म्हणून ती डहाळी माझ्या लेन्ससमोर आली होती. आणि तिच्या हातामागे, फोकसच्या बाहेर, विरघळलेला, पण ओळखता येईल असा पळसाचा अर्धा बुंधा होता. छाप काढताना मी डावीकडचा तो सगळा भाग कापायला सांगितला होता. बोटांमुळे चित्राचा तोल जात होता.

मघाशी मी म्हटले, की त्या झाडाचे एकही छायाचित्र माझ्याजवळ नाही. ते एवढ्यापुरते दुरुस्त करतो : अर्धा बुंधा आहे. जेवढा कापायचा राहून गेला तेवढा.

येथे थांबलो असतो तर हा लेख एका हळव्या आठवणीचा झाला असता आणि दोष सगळा चौकटीच्या माथी मारून मी मोकळा झालो असतो. पण आणखी एक गोष्ट सांगणे बाकी आहे. २०१९ च्या फाल्गुनात, म्हणजे तोडण्याच्या दोनएक महिने आधी, मी नेहमीप्रमाणे गेलो होतो. बुंध्याची साल वीतभर तासून तेथे रंगाने क्रमांक टाकलेला होता. रस्त्याकडेच्या सगळ्याच झाडांवर असे क्रमांक पडले होते, आणि त्याचा अर्थ न कळण्याइतका मी भोळा नव्हतो. बांधालगतची जमिनीची पट्टी संपादनात गेली होती, मोबदल्याच्या कागदांवर भावाच्या सहीखाली माझीही सही होती. त्या सकाळी फुले फार सुंदर आली होती. मी एक खालचा घोस निवडला. कॅमेऱ्यातून पाहिले तेव्हा मागे तो क्रमांक दिसत होता; पुसट केला तरी पांढरा ठिपका राहत होता. मी दोन पावले उजवीकडे सरकलो. ठिपका गेला. मी छायाचित्र काढले आणि घरी आलो.

हे दोन पावले सरकणे मला अजून छळते. न सरकता क्रमांकासकट छायाचित्र काढले असते तर झाड वाचले असते, असे मला मुळीच वाटत नाही. रस्ता हवाच होता. त्या अरुंद रस्त्यावर झालेले अपघात आम्ही पाहिलेले आहेत. माझ्या छायाचित्राने एखादा आराखडा बदलेल असा भ्रम मला नाही. पण निदान जे होते आहे ते मी पाहिले असते. पाहूनही न पाहण्याची कला मी वीस वर्षे शिकत होतो आणि तिला सौंदर्यदृष्टी म्हणत होतो, एवढेच त्या सकाळी सिद्ध झाले.

त्यानंतर दोन फाल्गुन मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग पुन्हा सुरुवात केली, पण एक नियम घालून घेतला : जवळ जायचे ते जाच, पण आधी चार पावले मागे सरकून सगळे झाड काढायचे. तार आली तर तारेसकट, कुंपण आले तर कुंपणासकट. बोथ्याच्या रस्त्यावरचे एक झाड आणि सातपुड्याच्या पायथ्याचा एक मोह, अशी दोन झाडे मी निवडली आहेत. माघापासून ज्येष्ठापर्यंत दर पंधरवड्याला त्याच जागी उभे राहून त्यांचे छायाचित्र काढतो. फुले नसली तरी काढतो. मोहाखाली पहाटे फुले वेचणाऱ्या आदिवासी बायका असतात. त्यांची परवानगी घेतो, नको म्हणाल्या तर कॅमेरा बाजूला ठेवतो. फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्याचे काळे वर्तुळही चित्रात येते. त्या जाळण्यातून वणवे लागतात म्हणून वनखात्याची त्याला मनाई आहे; आणि साफ केलेल्या जमिनीशिवाय त्या अंधारात फुले वेचायची कशी, असा वेचणारीचा प्रश्न आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पूर्वीची माझी चौकट या वादात पडलीच नसती. तिच्यात फक्त पांढुरके, रसाळ फूल असते.

ही नवी छायाचित्रे देखणी नाहीत, हे मान्य करायला हवे. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या वर्षी मी ती वर्गात दाखवली. एकेकाळी माझ्या फुलांच्या छायाचित्रांवर खूश होणारी मुले गप्प बसली. शेवटी एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, यात वसंत नेमका कुठे आहे?”

मी तिला म्हटले, आधी चित्रात जे जे आहे ते सगळे लिहून काढ. तिने लिहिले : पळस, पाने नाहीत, फुले आहेत, तार, तारेवर कोतवाल, कोरडा नाला, नाल्यात दोन शेळ्या, खाली पडलेली फुले, एक शेळी फुले खाते आहे, मागे टँकर. यादी वाचून झाल्यावर ती म्हणाली, “म्हणजे हे सगळंच.” मला तिच्या उत्तराला गुण द्यायचे नव्हते, याचे बरे वाटले. त्याच आठवड्यात आम्ही ‘शीळ’ पुन्हा वाचली. या वेळी प्रतिमा न वेचता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दोनदा, मोठ्याने.

बैठकीतले ते जुने छायाचित्र मी काढून ठेवले. त्याच निगेटिव्हवरून नवा छाप करून घेतला आहे, काहीही न कापता. चित्राचा तोल खरोखरच जातो. डोळा फुलांवर ठरत नाही, पुन्हा पुन्हा त्या बांगड्यांकडे जातो. पाहुणे आता डहाळीविषयी विचारत नाहीत. हात कोणाचा, असे विचारतात, आणि मी सांगतो.

पळसाविषयी एक गोष्ट शेतकऱ्यांना ठाऊक असते आणि ते तिच्यावर वैतागतातही. हे झाड तोडले तरी सहजासहजी मरत नाही. त्याच्या जमिनीतल्या मुळांना जागोजाग नवे फुटवे येतात. रस्ता झाला, भराव पडला, बाजूला नवी नाली खोदली गेली. गेल्या चैत्रात मी तेथे गेलो होतो. नालीच्या अलीकडे, आमच्या हद्दीत, मातीतून हातभर उंचीचा फुटवा वर आला होता. त्या पळसाच्याच मुळाचा असावा. पाने तीनच, कोवळी, थोडी तांबूस, लव असलेली. याला फूल यायला पुष्कळ वर्षे लागतील, तोवर कोणी तो उपटणार नाही याचीही खात्री नाही.

मी बांधावर उभा राहिलो. मागे डांबरी रस्ता होता, त्यावरून एक मालमोटार जात होती, वर नवी तार होती. मुळापासून शेंड्यापर्यंत अख्खे झाड चौकटीत बसत होते. मी छायाचित्र काढले.